‘उपाशी म्हणून अळ्या खातात’ म्हणे

गेले काही दिवस एक व्हिडिओ ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. बायका झाडावरून बोटाएवढ्या अळ्या वेचतायत आणि खाली मराठी मजकूर: ‘आफ्रिकेत इतकी उपासमार, की लोक किडे खातात. त्यात ना सत्त्व, वर विषबाधेची भीती. बिचारे लाजेनं कुणाला सांगतही नाहीत. ताटात अन्न टाकताना यांना आठवा.’

अन्न टाकू नये, कबूल. बाकीचं जवळजवळ सगळं चूक आहे.

आधी उपासमार. व्हिडिओतली अळी मोपाने झाडावरची. झाडाची पानं आपल्या आपट्यासारखी जुळी. बोत्सवाना, झिम्बाब्वे, दक्षिण आफ्रिकेचा लिम्पोपो प्रांत, इथं पावसाळ्यात साधारण डिसेंबर-जानेवारीत आणि पुन्हा एप्रिलच्या सुमारास हा हंगाम येतो. अळी शेपटाकडून दाबून आतला हिरवा चोथा काढायचा (काटे बोटांत घुसतात), मिठाच्या पाण्यात उकळायची, उन्हात वाळवायची. वर्षाला सुमारे ९.५ अब्ज अळ्या गोळा होतात आणि त्यांची किंमत साडेआठ कोटी डॉलर, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या २०१३ च्या अहवालात आहे. वेचणाऱ्या बहुतेक बायका. त्यातून मुलांची फी भरली जाते, घरात धान्य येतं. सुगीपूर्वीच्या टंचाईत अळ्यांचा आधार होतो, हेही खरं. पण किन्शासाचं काय करायचं? काँगोच्या या राजधानीत एक कुटुंब आठवड्याला सरासरी ३०० ग्रॅम अळ्या खातं. जात वेगळी, पण त्या जंगलातून शहरात येतात आणि लोक पैसे मोजून घेतात. आवडतात म्हणून.

सत्त्वाचं म्हणाल, तर वाळल्या मोपाने अळीत निम्म्याहून जास्त वजन प्रथिनांचं. लोह १०० ग्रॅममागे ३१ ते ७७ मिलिग्रॅम. तितक्याच वाळल्या गोमांसात ६ च्या आसपास. सगळं अंगी लागतं असं नाही, पण ‘सत्त्व नाही’ हे कुठून आलं?

विषाच्या मुद्द्यात मात्र तथ्याचा एक कण आहे. नीट न वाळवलेल्या, दमट जागी ठेवलेल्या अळ्यांना बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष तयार होऊ शकतं. आपल्या भुईमुगालाही हीच खोड. त्यासाठी शेंगदाण्याला कुणी विषारी म्हणत नाही. कोळंबी-खेकडे सोसत नसतील त्यांनी मात्र जपावं. कवचाच्या बाबतीत अळी त्यांची लांबची नातलग.

राहिली लाज. बोत्सवानानं ही अळी आपल्या ५ पुला (तिथलं चलन) किमतीच्या नाण्यावर छापलीय. आणि आपण तरी कुठले सोवळे? भामरागडचे माडिया लाल मुंग्यांची चटणी खातात, ओडिशातल्या मयूरभंजच्या तसल्याच चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

खरी काळजी वेगळीच आहे. भाव चढला की पूर्ण वाढलेली शेवटची अळीही वेचली जाते. मग जमिनीत कोष करायला उरतं कोण? शिवाय सरपणासाठी मोपाने तोडले जातात, पाऊस चुकतो. यावर वाट आहे. झांबियाच्या उत्तरेकडच्या कोपा भागातले बिसा लोक अंडी कुठं घातलीत ते आधी पाहून ठेवतात, ते रान वणव्यापासून जपतात आणि वेचणी कधी सुरू करायची ते ठरवल्याशिवाय झाडाला हात लावत नाहीत.