‘तीन आठवड्यांत संपलेलं’ युद्ध

जगात कुठेही युद्ध लांबलं की एक मजकूर हमखास फिरू लागतो: ‘बोस्नियात साडेतीन वर्षं कत्तल चालली होती. १९९५ मध्ये अमेरिकेनं मनावर घेतलं, नाटोनं तीन आठवडे बॉम्ब टाकले, जमिनीवर फौज न उतरवता सर्बांना वाटाघाटींना आणलं, युद्ध खलास. महासत्तेनं ठरवलं की झालं.’

उदाहरण हुशारीनं निवडलंय. व्हिएतनामचं नाव घेतलं असतं तर मजकूर पहिल्याच ओळीत आपटला असता.

आधी ते तीन आठवडे. मोहीम ३० ऑगस्ट ते २० सप्टेंबर चालली, हे खरं. पण घड्याळ तिथूनच का सुरू करायचं? फेब्रुवारी १९९४ मध्येच नाटोच्या विमानांनी सर्बांची, म्हणजे बोस्नियाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या बोस्नियन सर्बांची, चार विमानं पाडली होती. मे १९९५ मध्ये बोस्नियन सर्बांचं मुख्यालय असलेल्या पालेजवळच्या दारूगोळ्याच्या कोठारांवर बॉम्ब पडले, तेव्हा त्यांनी संयुक्त राष्ट्रांचे शेकडो शांतिसैनिक ओलीस धरले, काहींना तर संभाव्य लक्ष्यांपाशी बांधून ठेवलं. हल्ले थांबले. जुलैत स्रेब्रेनिकात बोस्नियन सर्बांच्या फौजेनं सुमारे आठ हजार बोस्नियन मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले. विमानं तेव्हाही होतीच की.

‘जमिनीवर फौज नव्हती’ हे तर धडधडीत चूक. अमेरिकेची लढाऊ फौज नव्हती, एवढंच. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात क्रोएशियाच्या सैन्यानं क्राजिना हा क्रोएशियातला सर्बांच्या ताब्यातला प्रदेश जिंकून घेतला, शेजारच्या बोस्नियातल्या बिहाच शहराला सर्बांनी घातलेला वेढा उठला आणि दीड लाखाहून अधिक सर्ब घरदार सोडून निघाले. सप्टेंबरात वरून बॉम्ब पडत असताना खाली क्रोएशियाचं, बोस्नियन क्रोटांचं आणि बोस्नियाच्या सरकारचं सैन्य पश्चिम बोस्नियात गावामागून गाव घेत होतं. यायत्से हे शहर सर्बांच्या हातून गेलं ते याच दिवसांत. सर्बांच्या ताब्यातला सुमारे सत्तर टक्के मुलूख निम्म्यावर आला. त्याआधी क्रोट आणि बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) एकमेकांशीच लढत होते, त्यांची दिलजमाई वॉशिंग्टनमध्ये मार्च १९९४ मध्ये झाली. माझ्या मते अमेरिकेचा सगळ्यात मोठा वाटा हाच. पण त्याचं फळ दिसायला दीड वर्ष गेलं, आणि त्यात बॉम्बचा धूर नाही, म्हणून तो फॉरवर्डमध्ये येत नाही.

सर्ब बॉम्बमुळे वाटाघाटींना आले? बॉम्बनं घाई केली, सारायेव्होभोवतीच्या तोफा मागे घ्यायला लावल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र बोस्नियन सर्बांच्या वतीनं बोलण्याचा अधिकार सर्बियाचा राष्ट्राध्यक्ष मिलोशेविचला देणाऱ्या कागदावर बेलग्रेडमध्ये सह्या झाल्या त्या २९ ऑगस्टला, पहिला बॉम्ब पडायच्या आदल्या दिवशी. मिलोशेविचला आपल्या देशावरचे १९९२ पासूनचे आर्थिक निर्बंध उठवून हवे होते. शिवाय मुलखाची ५१:४९ ही वाटणी (बोस्नियाक-क्रोटांना ५१ टक्के, सर्बांना ४९) १९९४ च्या शांतता आराखड्यातच होती. अमेरिकेतल्या डेटनमध्ये १९९५ च्या शांतता करारात तिच्यावरच शिक्कामोर्तब झालं.

उरलं ‘युद्ध खलास’. करारानंतर तो टिकवायला नाटोनं सुमारे ६०,००० सैनिक पाठवले, त्यात अमेरिकेचे जवळपास २०,०००. क्लिंटन यांनी साधारण वर्षभराचं काम म्हणून सांगितलं होतं. नाटोनं ते काम २००४ च्या डिसेंबरात युरोपीय संघाच्या फौजेकडे सोपवलं. ती फौज तिथून अजून हललेली नाही.