खुलासा: जून-जुलैत ओकावांगो कोरडं नसतं

आफ्रिकेतल्या बोत्स्वानात ओकावांगो नदीचा डेल्टा (त्रिभुज प्रदेश) आहे. तिथल्या सफारीबद्दल एक मेसेज फिरतोय: "जून ते ऑगस्ट तिथे कोरडा ऋतू. डेल्टात पाणी नसतं, मोकोरो होड्या बंद, महागड्या कॅम्पचे पैसे वाया." ऋतू कोरडा असतो हे खरं, बाकी चूक.

ओकावांगोचं पाणी येतं अंगोलाच्या डोंगराळ भागातून. तिथे जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस सपाट प्रदेशातून, पपायरस या उंच पाणवनस्पतीच्या दाटीतून इतका सावकाश सरकतो, की डेल्टाच्या कडेला असलेल्या माऊन (Maun) या गावाजवळ पोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो. म्हणजे आभाळ निरभ्र आणि पूर मात्र भरात! युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २०१४ साली आलेल्या या डेल्टाच्या नोंदीतही हेच वैशिष्ट्य दिलंय. त्या दिवसांत लाकडी ओट्यांवरच्या तंबूंपुढे पाणी पसरलेलं असतं आणि मोकोरो कमळाच्या पानांमधून अलगद जाते.

पूर दरवर्षी सारखा नसतो. २०१९ मध्ये तो फारच कमी होता. काही कॅम्प मुळातच कोरड्या भागात आहेत. म्हणून बुकिंगआधी "त्या महिन्यात मोकोरो असेल का?" असं कॅम्पलाच विचारा. गरम कपडेही न्या, पहाटे उघड्या जीपमध्ये कुडकुडायला होतं.

लोक वर्षानुवर्षं पैसे साठवून तिथे जातात. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.