म्हशीला बदली चालत नाही

दिवाळी जवळ आली की गावाकडच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षीचा वाद पेटतो. एक बाजू म्हणते, पोरगं ड्रामात, म्हणजे तिथल्या रात्रभराच्या नाटकात, शिरलं म्हणजे पोलीस भरती गेली. दुसरी म्हणते, शासनानं कलाकाराला महिन्याचा पगार बांधून द्यावा. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तिचा अभिमान दोन्ही बाजूंना आहे. मग कुणीतरी लंडनचा दाखला काढतो: तिकडे बघा, नट हॉटेलात ताटं उचलून नाटक करतात. दाखला खरा आहे. फक्त तो झाडीपट्टीला जसाच्या तसा लागू पडत नाही.

लंडनच्या नटाला ऑडिशनचा निरोप कधीकधी एक-दोन दिवस आधी येतो. त्यामुळे आयत्या वेळी दुसऱ्याच्या गळ्यात घालता येईल अशीच पाळी त्याला हवी असते. कॅफे, बार, नाट्यगृहाच्या दारावर तिकिटं तपासणं ही कामं त्यासाठी बरी. पगार चांगला म्हणून नव्हे, तर तासाभरात बदली माणूस उभा करता येतो म्हणून. करार बहुधा ‘झीरो अवर’चा असतो, म्हणजे मालक कामाच्या तासांची हमी देत नाही. मात्र दुसरीकडे काम करू नकोस, असं मालक २०१५ पासून सांगू शकत नाही. अशा अनियमित कामावरही भरपगारी रजा साठते, कामाच्या तासांच्या १२.०७ टक्के, १०० तास राबलं की साधारण १२ तासांची. हे चांगलंच आहे. पण पाळी लागली नाही तरी घरभाडं थांबत नाही, आणि कित्येकांचं वर्ष ताटं उचलण्यातच सरतं.

झाडीपट्टीचा हंगाम आधीच ठाऊक असतो. भाऊबीजेनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा, मग शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि होळीच्या आसपास पडदा खाली. रात्री दहा-अकराला सुरू झालेला ड्रामा उजाडेपर्यंत चालतो. मग गाडीनं नाटक कंपन्यांचं गाव वडसा किंवा पुढचं गाव, दुपारपर्यंत झोप, चार-पाचला पुन्हा गाडी. हाताशी उरतात तीन-चार तास, तेही रोजचे नाहीत. त्या चार महिन्यांत दुसरी नोकरी जमवायचा नादच सोडावा. काम हवं ते होळीनंतर सुरू होऊन दिवाळीपर्यंत आटोपणारं.

तेंदूपत्त्याचं काम या मोजमापात चपखल बसतं. हंगाम एप्रिल-मेचा आणि थोडक्याच दिवसांचा. पहाटे जंगल, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधणं, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजणी. ज्याचा हिशेब पक्का त्यानं फळीवर मुनशीचं काम धरावं, उन्हात पायपीट वाचते. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी. इथे रोजीपेक्षा गुत्ता, म्हणजे ठेका बरा, कारण मालक बांदी, म्हणजे शेताचे तुकडे मोजतो, तुमचे दिवस मोजत नाही. तालमीचा एक दिवस मधून काढता येतो. लग्नसराईतला मंडप आणि साउंडचाही मेळ बसतो, शिवाय माईक आणि दिव्यांची समज स्टेजवर कामी येते.

दाखल्यांची गर्दी दहावी-बारावीच्या निकालानंतर उसळते, तेव्हा सेवा केंद्रांना हाताखाली माणूस लागतो. मात्र तिथे फॉर्म भरणारा म्हणूनच राहावं. केंद्र स्वतःच्या नावावर घेतलं की लॉगिन तुमचं आणि ओटीपी तुमच्या मोबाईलवर. हंगामात तुम्ही सकाळी दहाला गाडीत झोपलेले, आणि इकडे केंद्रावर रांग तशीच उभी.

फसवी कामंही आहेत. धान खरेदी केंद्रावरचा काटा आणि बारदाना रोकडीचं काम वाटतं, पण ते नेमकं दिवाळीनंतर जोर धरतं. शिलाईचं मशीन जून-जुलैत गणवेशांवर छान चालतं. दिवाळीचे ब्लाऊज घेतले की पहिल्याच नाईटला, म्हणजे रात्रीच्या प्रयोगाला, गिऱ्हाईक दारात. सगळ्यात फसवी म्हैस. घरचं दूध, हमखास पैसा, सगळं खरं. पण तिला दोन वेळ धारेला बसावं लागतं, आणि ओळखीचा हात नसला तर ती पान्हा चोरते. आठ दिवस शेजाऱ्यानं धार काढली की दूध घटतं आणि घरात भांडण पेटतं. म्हशीला बदली चालत नाही. शेळीचं तेवढं नखरेल नसतं.

सरकारी नोकरीचं काय? महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ खासगी धंदा-नोकरीला पूर्वपरवानगी मागतात. अधूनमधूनच्या साहित्यिक-कलाविषयक कामाला मोकळीक आहे, कर्तव्यात खंड पडला नाही तर. एखाद-दुसरी नाईट त्यात बसेल. पैसे घेऊन पन्नास नाईट मारल्या तर त्याला ‘अधूनमधून’ कोण म्हणेल? ज्येष्ठ कलावंतांचं ५,००० रुपये मानधन चांगलं, पण ते पन्नाशीनंतरचं. पंचविशीतल्या पोराला त्याचा आज काय उपयोग?

हिशेब आधी मांडावा. समजा, घरचा तांदूळ धरून महिन्याला रोख ८,००० लागतात. म्हणजे वर्षाला ९६,०००. नाईटचे १,२०० मिळाले आणि ५० नाईट ठरल्या तर ६०,०००. अवकाळी पावसानं किंवा गावातल्या मयतीनं पाच बुडाल्या तर ५४,०००. उरलेले ४२,००० होळी ते दिवाळी कमवायचे. बुडालेल्या नाईटचे किती मिळणार, हे बुकिंगच्या वेळीच ठरवून घ्यावं. आणि पावसाळ्यात नाईटच्या भरवशावर उचल घेऊ नये, नाहीतर कार्तिकात हाती काही येत नाही.

लंडनकडून उचलायचंच असेल तर ताटं नकोत, दुसरं एक काम उचला. तिथली मेडिकल कॉलेजं नटांना रुग्ण म्हणून बोलावतात. एक पानी टाचण मिळतं: वय, दुखणं, काय विचारल्यावर सांगायचं, काय आपणहून सांगायचं नाही, कुठे रडू येतं. परीक्षेत आठ-दहा मिनिटांनी विद्यार्थी बदलतो, नट तोच. विसाव्या विद्यार्थ्यासमोरही नटाला पहिल्याइतकंच दुखलं पाहिजे. कठीण तेवढंच.

चंद्रपूर आणि गोंदियाला सरकारी मेडिकल कॉलेज आहे. बाहेरून आलेल्या पोरांना झाडीबोलीतली तक्रार कळत नाही, आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण तर या भागात बरेच. हंगामाबाहेर, पावसाळ्यात, चार नट बोलावून अशी तालीम ठेवायला काय खर्च येतो? मानधनाची मागणी घेऊन मुंबईला जाणाऱ्या निवेदनात हे एक कलमही घालावं. आधी डीन साहेबांना भेटून.