"दुधाचेच दात आहेत ना, पडतीलच" म्हणणाऱ्यांसाठी

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबेल, पण वाचा.

ताईच्या लेकाला घेऊन दादरला डेंटिस्टकडे गेलो होतो. साडेपाच वर्षांचं पोर, रात्रभर गाल धरून रडत होतं. खालच्या दोन दाढा किडल्यात, एकीच्या जागी नुसतं काळं भोक, बाजूची हिरडी टम्म सुजलेली. आणि वेटिंगमध्ये बसलेल्या एक काकू म्हणतात, अगं दुधाचेच दात ना, पडणारच आहेत, कशाला पैसे घालवता? तिथे पोरासमोर गप्प बसले, इथे नाही बसणार.

काकू, पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. तोवर त्याने चावायचं कशाने? आणि दाढ लवकर काढली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात, खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागाच उरत नाही, तो वाकडा येतो, मग ब्रेसेसचा खर्च करायला तुम्ही येणार आहात का?

डॉक्टरांनी विचारलं, काय काय खातो. ताई ठामपणे म्हणाली, चॉकलेट आमच्याकडे आणतच नाही. आणि खरंच नाही आणत. मग ते म्हणाले सकाळपासून सांगा बरं, तर उठल्याउठल्या दुधात बुडवून ग्लुकोज बिस्किटं, व्हॅनमध्ये टेट्रापॅकमधला ज्यूस, डब्यात जॅम-पोळी, दुपारी आजीच्या चहाबरोबर टोस्ट, संध्याकाळी कुरकुरला की क्रीमचं बिस्कीट, आणि रात्री ब्रश झाल्यावर साखर घातलेलं दूध. सांगता सांगता ताईचा आवाजच बारीक होत गेला.

दातांवरचे जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात, त्याने दाताचं वरचं कवच विरघळायला लागतं, आणि लाळेला ते सावरायला अर्धा-एक तास लागतो. तेवढ्यात आपण पुढचं बिस्कीट हातात देतो! म्हणजे किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसभरात किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. बिस्किटाचा लगदा दाढेच्या खाचेत चिकटून बसतो तो वेगळाच. झोपेत लाळ कमी होते, म्हणून ते रात्रीचं दूध सगळ्यात वाईट. आणि वर पाकिटावर गहू, दूध, कॅल्शियम असं मोठ्ठं छापायचं, साखर मात्र मागे बारीक अक्षरात. संताप येतो.

हो, ब्रश नीट झाला नाही तरी दात किडतात, मान्य. आणि डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणाऱ्या बाईने रोज थालीपिठं थापावीत असं मी म्हणणार नाही. ताई लिफ्टमध्ये रडली हो. पोराला आवडतं म्हणून सासूबाई प्रेमाने देतात, त्यांना तरी काय बोलणार. कोणीच वाईट नाहीये यात, हेच जास्त लागतं.

पण निदान मधल्या वेळचं तोंड तरी थांबवूया ना. चणे, शेंगदाणे, काकडी, पनीरचा तुकडा, साधं पाणी. मोदक, श्रीखंड बंद करा असं नाही, जेवणाबरोबर द्या, मग चूळ भरायला लावा. रात्री ब्रशनंतर फक्त पाणी. पेस्ट फ्लोराइडची, तीन वर्षांच्या पुढे वाटाण्याएवढी, आणि ब्रश आपण स्वतः फिरवायचा, पोराच्या हातात देऊन मोकळं व्हायचं नाही.

आणि एक, सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे नवीन दाढ येते. तिच्यासाठी आधीचा दात पडत नाही, म्हणून घरच्यांना कळतच नाही, दुधाचीच समजून सोडून देतात. ती पक्की असते, आयुष्यभराची! आमच्याकडे तीच आता उगवतेय आणि तिच्या पुढची दाढ किडलेली, डॉक्टरांना त्याचीच जास्त काळजी वाटली.

प्रायव्हेटचा खर्च झेपत नसेल तर मुंबई सेंट्रलला नायरचं डेंटल कॉलेज आहे, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे, दोन्हीकडे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. रांग असते, सकाळी लवकर जा.