नॅपकिन अभ्यास करतोय, त्याला उठवू नका

काल सकाळी साडेसातला मला एका नॅपकिननं उठवलं. झोपेतून नाही, खुर्चीवरून. पिवळा नॅपकिन, काठाचे धागे सुटलेले, एका कोपऱ्यात हळदीचा डाग. पुण्यात नवी पेठेतल्या ज्या अभ्यासिकेत मी महिन्याला नऊशे रुपये भरतो, तिथल्या फॅनखालच्या, चार्जिंग पॉइंटवाल्या एकमेव बऱ्या खुर्चीवर हे महाशय माझ्याआधी येऊन बसलेले. मी त्यांना अलगद उचलून टेबलावर ठेवलं आणि बसलो. बस, एवढाच माझा गुन्हा.

इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीचा, म्हणजे तिसऱ्या गणिताचा पेपर नऊ दिवसांवर आलाय, इन-सेमला, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला ३० पैकी ११ पडलेत, आता शेवटच्या एंड-सेमच्या ७० वर सगळी भिस्त आणि व्हेक्टर कॅल्क्युलसचं युनिट अजून कोरं करकरीत. नऱ्ह्याच्या रूमवर चौघं राहतो, त्यातला एक रात्री दोनला मोबाइलवर गेम खेळताना "मागनं आला रे मागनं" असं ओरडतो तेव्हा मी खरंच मागे वळून बघतो. कॉलेजची लायब्ररी पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी लागली की पाचला बंद, त्यात आयकार्ड जमा करा, बॅग बाहेर ठेवा आणि स्वतःचं पुस्तक आत न्यायचं नाही. लायब्ररीत पुस्तक न्यायचं नाही! हा नियम ज्याने काढला त्याला एकदा भेटायचंय मला. म्हणून रोज पहाटे उठून बस पकडून नवी पेठ.

तर मी बसलो आणि शेजारच्या दादांनी माझ्या खांद्यावर पेन टेकवलं. वय तिशीच्या आसपास, समोर थर्मास, तीन रंगांची पेनं ओळीत. मी "काय झालं?" म्हणायला तोंड उघडलं तर त्यांनी भिंतीवरच्या 'बोलू नये' पाटीकडे बोट केलं. मग काय, मी रफ पानाचा तुकडा फाडून लिहिलं, 'हि जागा कोणाची आहे आणी ते कधी येणार?'

चिठ्ठी परत आली. उत्तर नव्हतंच. 'हि'भोवती लाल गोल, वर 'ही'. 'आणी' खोडलेलं आणि खाली बारीक अक्षरात, 'आणि. अपवाद : आणि, नि ही अव्यये ऱ्हस्वान्त. शासनमान्य नियम, १९६२.'

मी मेकॅनिकलचा पोरगा हो. सकाळचे पावणेआठ. चहासुद्धा झालेला नाही.

दुसऱ्या चिठ्ठीत मी फक्त 'कोणाची?' एवढंच लिहिलं, म्हटलं यात काय चुकणार. त्यावर दादांनी घड्याळ काढून समोर ठेवलं, बाही मागे सारली आणि लिहायलाच बसले. दादा एमपीएससीवाले. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय ना, तेव्हापासून या लोकांना साधं 'हो' लिहायलाही प्रस्तावना लागते. बारा मिनिटांनी माझ्या हातात पाठपोट भरलेला कागद आला. प्रस्तावना : अभ्यासिकेतील आसनव्यवस्था परस्पर विश्वासावर उभी आहे. मग 'नॅपकिनचे महत्त्व', त्यात अ, ब, क. मग 'आव्हाने', त्यात मी. नाव घेतलं नव्हतं पण 'काही नवखे घटक' म्हणजे मीच, आजूबाजूला दुसरा कोण नवखा होता? शेवटी 'पुढील दिशा', त्याखाली अधोरेखित करून, 'आपण चप्पल स्टँडजवळील आसन ग्रहण करावे.'

आणि ती जागा कोणाची, हे त्या अख्ख्या पानात कुठ्ठेही नाही!

गेलो मालकाकडे. ते म्हणाले, "तुमची अनफिक्स सीट आहे, फिक्स घ्या, चौदाशे." मी म्हटलं, "त्या नॅपकिनवाल्यानं फिक्स घेतलीय का?" रजिस्टर चाळलं त्यांनी. "नाही, तेपण अनफिक्सच." "मग?" "ॲडजस्ट करा थोडं." पुण्यात माझ्यासारख्या बाहेरच्या पोरानं फक्त ॲडजस्टच करायचं असतं, रूमवर, मेसमध्ये, बसमध्ये, आणि आता एका फडक्यासमोर. नऊशे रुपये म्हणजे घरी बार्शीत आई किती दिवस भाजी आणते त्याचा हिशोब मला पाठ आहे, तो व्हेक्टर कॅल्क्युलसपेक्षा बरा जमतो मला.

गेल्या आठवड्यापासून मी पोमोडोरो चालू केलंय, पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं सुट्टी. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसानं कॉलेजात असताना टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर लावून ही पद्धत काढली, पोमोडोरो म्हणजे टोमॅटोच. छान आहे पद्धत. पण त्या चिरिलोला बसायला खुर्ची मिळालेली असणार ना आधी! माझे तीन टोमॅटो चिठ्ठ्यांत नासले आणि चौथा चप्पल स्टँडच्या वासात.

खरं सांगू, दादांचा पूर्ण रागही येत नाही. परीक्षेची तारीख पुढे गेली की ते कॅलेंडरवर नुसती फुली मारतात आणि थर्मास उघडतात, हे मी दोनदा पाहिलंय. पण म्हणून काय मी चपलांत बसायचं?

साडेअकराला नॅपकिनचे मालक आले. तोंड धुतलेलं, ओलं. नॅपकिन उचलला, तोंड पुसलं, मानेमागून फिरवला, नीट चौकोनी घडी करून परत खुर्चीवर ठेवला आणि दादांना खुणेनं 'चहा?' विचारलं. दोघेही गेले. आता दोन खुर्च्या रिकाम्या, एकीवर नॅपकिन, दुसरीवर थर्मास. हॉलमध्ये मी धरून चार जण भिंतीला टेकून बसलेले, कोणीही हललं नाही. मीपण नाही, याचंच जास्त वाईट वाटतंय.

जाताना दादा माझ्या पहिल्या दोन्ही चिठ्ठ्या वहीवर ठेवून गेले. वर लाल पेनानं १० पैकी ४, शेरा : 'आशय बरा, शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' चाळीस टक्के म्हणजे पासिंग. या सेमला मी पास झालेला पहिला पेपर.