नाकातल्या मासाचा तुकडा काढला की कॅन्सर पसरतो?

उन्हाळा लागला की नागपुरातल्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतो: 'घोळणा उष्णतेनं फुटतो, घाबरू नका. नाकात मास वाढला तर तुकडा काढू देऊ नका, कॅन्सर पसरतो. दुर्बिणीनं एकदा काढला की विषय संपला.' तिन्ही गोष्टी तपासून घेऊ.

घोळणा उष्णतेनं फुटतो, हे मे महिन्यातल्या बहुतेक मुलांबाबत खरं आहे. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग 10 मिनिटं सलग दाबला की थांबतो. पण रक्त दरवेळी एकाच नाकपुडीतून येतंय, तीच बाजू महिनाभर चोंदलेली आहे, गाल बधिर झालाय किंवा डोळा पुढे आलाय, तर उन्हावर खापर फोडू नका. लाकडाच्या बाजारात, लकडगंजात, वर्षानुवर्षं आरायंत्रावर काम करणाऱ्यांनी तर मुळीच नाही. कठीण लाकडाच्या धुळीनं सायनसचा (नाकाभोवतालच्या हाडांतल्या पोकळ्यांचा) ॲडिनोकार्सिनोमा हा कॅन्सर होतो, हे सिद्ध झालेलं आहे.

बायोप्सीनं, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढल्यानं, कॅन्सर अंगभर पसरतो, हे मात्र चूक. तुकड्याशिवाय उपचार ठरवणार कसा? लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) निघाला तर मोठं ऑपरेशन टळतं, केमो आणि रेडिएशनवर भागतं. घात होतो तो क्रम चुकल्यानं. आधी दुर्बीण, मग शिरेतून औषध देऊन काढलेला कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन, लागल्यास एमआरआय, तुकडा त्यानंतर. वयात येणाऱ्या मुलाचा घोळणा सारखा फुटतोय आणि नाकात मागे गुळगुळीत लालसर गाठ दिसतेय, तर ती अँजिओफायब्रोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ, असू शकते. तिला ओपीडीत चिमटा लावला तर रक्त आवरत नाही. सीटीत मॅक्सिलरी (गालाच्या) सायनसची मागची भिंत पुढे वाकलेली दिसते. निदान स्कॅनवरच करतात, आणि ऑपरेशनच्या 24 ते 72 तास आधी गाठीच्या रक्तवाहिन्या आतून बंद करतात. तान्ह्या बाळाच्या नाकातली गाठ म्हणजे खाली उतरलेला मेंदूचा भागही असू शकतो. तिथे सुई टोचली तर मेंदूभोवतालचं पाणी गळून मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा दाह) होऊ शकतो.

दुर्बिणीनं काढला की संपलं? साधा पॉलिप समजून काढलेला एका बाजूचा मास कधी कधी इन्व्हर्टेड पॅपिलोमा (आतल्या बाजूला वाढणारी गाठ) निघतो. तो हाडाला जिथे चिकटलेला असतो ती जागा ड्रिलनं घासली नाही तर पुन्हा उगवतो, आणि साधारण 5 ते 10 टक्के रुग्णांत त्यात कॅन्सर सापडतो. म्हणून काढलेला सगळा मास, डावा-उजवा वेगळ्या डब्यांत, 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. नुसत्या सलाइनमध्ये पडून राहिला तर पेशी खराब होतात.

नागपूरच्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा मिहानच्या एम्समध्ये दाखवायला जाताना नुसता रिपोर्ट नको. स्कॅनची सीडी, स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉकही (मेणात जपलेला तुकडा) न्या. ते पुढेही जपून ठेवा, कारण एस्थेसिओन्यूरोब्लास्टोमासारखी (वासाच्या नसेच्या पेशींतून होणारा कॅन्सर) गाठ 10 वर्षांनंतरही परत येते.