लोकीच्या डोक्यावर किती खापरं फोडणार?

नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या देवांच्या युद्धाविषयी एक मजकूर मराठीत बराच फिरतो. शब्द थोडे बदलतात, गाभा तोच. ओडिन हा असगार्ड या देवनगरीचा न्यायी राजा. लोकी त्याचा दत्तक मुलगा, म्हणजे थोरचा भाऊ. सिंहासन थोरला मिळणार हे कळताच लोकीने कारस्थानं रचली आणि एसीर व वानीर या देवांच्या दोन कुळांत युद्ध पेटवलं. वानीर हरले आणि एसीरांचे मांडलिक झाले. शेवटी लोकीच्याच कपटाने रॅग्नारोक, म्हणजे देवांचा सर्वनाश, ओढवलं. खाली बहुधा एक ओळ असते: 'म्हणजे हे आपलंच देव-दानव युद्ध!'

सिनेमा आणि गेम यांनी गोष्ट हवी तशी वळवावी, त्याला कुणाची हरकत नाही. हरकत आहे ती 'मूळ पुराणात असंच आहे' या शेपटाला.

मूळ म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. आइसलँडने इ.स. १०००च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी तिथल्याच स्नोरी स्टुर्लुसन नावाच्या सरदाराने या कथा गद्यात लावून लिहिल्या. 'युंग्लिंगा सागा'ही त्याच्याच नावावर आहे. त्यात देवांना जुन्या काळचे राजे मानून सगळा वृत्तांत दिला आहे. जुनी काव्यं मुख्यतः १२७०च्या सुमाराच्या एका हस्तलिखितामुळे वाचली. आणि १२००च्या आगेमागे डेन्मार्कमध्ये साक्सो ग्रामॅटिकस हाच माल लॅटिनमध्ये, स्वतःचं तिखटमीठ लावून लिहीत होता. यांचं आपसांत सगळं जुळतं असं मुळीच नाही. पण फिरत्या मजकुरातल्या बऱ्याच गोष्टी यांच्यापैकी एकाकडेही नाहीत. जाता जाता, सत्तेची भांडणं स्नोरीला ऐकून लिहावी लागली नव्हती. नॉर्वेच्या राजाची मर्जी गेल्यावर १२४१ साली रेकहोल्टच्या राहत्या घरी, तळघरात, एकेकाळच्या जावयाच्या माणसांनी त्याला ठार मारलं.

आता पहिला मुद्दा, दत्तक मुलाचा. लोकीचा बाप फारबाउती हा दैत्य, आणि लाउफी ही आई. हो, आई. लोकीला जागोजागी 'लाउफीचा मुलगा' असंच म्हटलं आहे. ओडिनशी त्याचं नातं मुलाचं नाही, रक्ताची शपथ घेतलेल्या भावाचं आहे. 'लोकासेन्ना' या काव्यात समुद्राचा दैत्य एगिर याच्याकडे देवांची मेजवानी चालू असते. नोकराचा खून केल्यामुळे हाकलून दिलेला लोकी परत दारात येतो आणि बसायला जागा मागतो. ब्रागी हा देव म्हणतो, तुला इथे जागा नाही. लोकी त्याच्याकडे बघतही नाही. तो सरळ ओडिनला म्हणतो, आठवतंय का, फार पूर्वी आपण दोघांनी रक्तात रक्त मिसळलं होतं, आणि दोघांना मिळाल्याशिवाय मद्याला तोंड लावणार नाही असं तू बोलला होतास? ओडिनची पंचाईत होते. तो आपल्या मुलाला, विदारला, सांगतो, ऊठ, या लांडग्याच्या बापाला बसू दे, नाहीतर इथेच शिव्या घालायला लागेल. (जागा मिळाल्यावरही तो शिव्या घालतोच, एकेकाला नाव घेऊन.) तेव्हा नातं लावायचंच असेल तर लोकी हा थोरचा मानलेला चुलता. आणि मजकुरात कधी कधी ओडिनची थोरली मुलगी म्हणून येणारी हेल ही खरं तर लोकीची मुलगी.

सिंहासनाचं तर विचारूच नका. लोकी ओडिनची गादी मागतो, अशी एकही जुनी कथा नाही. सगळी जगं जिथून दिसतात त्या ओडिनच्या आसनावर गुपचूप जाऊन बसण्याचा उद्योग केला तो फ्रेयर या वानीर देवाने. तिथून त्याला गेर्द ही दैत्यकन्या दिसली, तो झुरायला लागला आणि तिला मागणी घालायला गेलेल्या नोकराला आपली तलवार देऊन बसला. रॅग्नारोकच्या दिवशी अग्निदैत्य सुर्तसमोर त्याला तलवारीविना उभं राहावं लागतं, ते त्यामुळे.

गादीची भांडणंही आहेत, पण ती वेगळीच. 'युंग्लिंगा सागा' सांगते की ओडिन एकदा इतका लांब गेला आणि इतके दिवस आला नाही की सख्ख्या भावांनी, विली आणि वे यांनी, तो गेलाच असं धरून मालमत्ता वाटून घेतली आणि त्याची बायको फ्रिग दोघांत ठेवली. पुढे ओडिन परतला आणि त्याने बायको परत घेतली. साक्सोकडे तर बाकीचे देवच ओडिनला हद्दपार करतात. रिंदा या राजकन्येपुढे त्याची डाळ शिजेना, तेव्हा तो वैदूबाईचं सोंग घेऊन तिच्यापर्यंत पोहोचला आणि औषधाच्या नावाखाली तिला बांधायला लावून त्याने तिच्यावर बलात्कार केला. देवांची अब्रू गेली म्हणून त्याला काढलं, ओलेरुस नावाच्याला त्याच्या जागी बसवलं, आणि दहाएक वर्षांनी ओडिन पुन्हा गादीवर आला. या दोन्ही भानगडींत लोकी औषधालाही नाही.

दुसरा मुद्दा: एसीर आणि वानीर यांचं युद्ध लोकीने लावलं. 'वोलुस्पा' या काव्यात एक भविष्य सांगणारी स्त्री जगाचा आदि-अंत सांगते. त्यात या युद्धाला मोजकी कडवी आहेत, आणि त्यांत लोकीचं नावही नाही. आहे ती गुल्वेग नावाची स्त्री. ओडिनच्या दालनात तिला भाल्यांनी भोसकलं जातं आणि जाळलं जातं. एकदा नव्हे, तीन वेळा, आणि तिन्ही वेळा ती जिवंतच राहते. मग देव खल करायला बसतात: एसीरांनी भरपाई मोजायची, की सगळ्याच देवांना पूजेचा वाटा मिळायचा? बोलणी फिसकटतात. ओडिन समोरच्या सैन्यावरून भाला फेकतो, आणि काव्य म्हणतं, जगातलं पहिलं युद्ध ते हेच. ठिणगी ओडिनच्या घरात पडली, पहिलं शस्त्र ओडिनच्या हातून सुटलं. गुल्वेग म्हणजेच वानीरांची फ्रेया, असं काही अभ्यासक मानतात. तसं नसलं तरी घर ओडिनचंच राहतं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात चुकीचा वाटतो, कारण त्यात गोष्टीचा जीवच जातो. म्हणे वानीर हरले. त्याच काव्याची पुढची ओळ अशी, की एसीरांच्या गढीची लाकडी तटबंदी फुटली आणि मंत्रबळावर वानीर रणात वावरू लागले. 'युंग्लिंगा सागा'त कधी याची सरशी तर कधी त्याची, दोन्हीकडचा मुलूख उजाड, आणि शेवटी दोघे थकून तहाला बसतात. मांडलिकी कुठून आली?

कपट आहे ते तहात. दोन्ही बाजूंनी ओलीस द्यायचे ठरले. वानीरांनी आपले उत्तमातले उत्तम दिले, श्रीमंत न्योर्द आणि त्याचा मुलगा फ्रेयर. एसीरांनी ह्योनिर दिला. उंचापुरा, देखणा, सरदार व्हायला अगदी लायक माणूस, अशी त्याची भलामण केली. सोबतीला शहाणा मीमिर दिला. वानीरांनी भोळेपणाने ह्योनिरला लगेच प्रमुख केलं. मीमिर कानाशी असेपर्यंत निवाडे चोख होत. पण सभेत मीमिर नसला आणि अवघड प्रकरण पुढे आलं की ह्योनिरचं एकच उत्तर: 'दुसऱ्यांनी ठरवावं.' ग्रामसेवक रजेवर गेला की प्रत्येक ठराव पुढच्या बैठकीवर टाकणारे सरपंच ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ह्योनिर लगेच ओळखू येईल. असं पुन्हा पुन्हा व्हायला लागलं तेव्हा वानीरांच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण दोन हिरे दिले आणि बदल्यात एक बुजगावणं आणि त्याचा आवाज घेतला.

मग त्यांनी राग काढला तो मीमिरवर. त्याचं डोकं उडवून एसीरांकडे पाठवून दिलं. ह्योनिरला हात लावल्याचं कुठे लिहिलेलं नाही. ओडिनने ते डोकं घेतलं, कुजू नये म्हणून त्याला औषधी वनस्पती चोळल्या, त्यावर मंत्र म्हटले, आणि ते त्याच्याशी बोलायला लागलं. गुपितं सांगायला लागलं. म्हणजे फसवणूक उघडकीला आली, माणूस मेला, तरी सल्ला ओडिनच्याच घरात परत आला. या सौद्यात कोण जिंकलं ते तुम्हीच बघा.

आणि ओलीस आलेले वानीर? त्यांची अवस्था मांडलिकासारखी मुळीच दिसत नाही. लोकी त्याच मेजवानीत न्योर्दला 'ओलीस' म्हणून टोमणा मारतो, तर म्हातारा शांतपणे म्हणतो, ओलीस आलो खरा, पण मला असा मुलगा आहे की ज्याचा कुणी द्वेष करत नाही आणि जो एसीरांचा आधारस्तंभ मानला जातो. फ्रेयाने एसीरांना सेइद ही जादूटोण्याची विद्या शिकवली, आणि ओडिनच त्यात तरबेज झाला. रणात पडलेल्यांपैकी निम्मे ती फोल्कवांग या आपल्या निवासाला नेते, उरलेले निम्मे ओडिनला. १०७०च्या दशकात ब्रेमेनच्या आदमने स्वीडनमधल्या उप्सालाच्या मंदिराचं वर्णन केलं आहे, तिथे थोर आणि ओडिनच्या शेजारी फ्रिक्को नावाचा देव आहे, आणि तो फ्रेयरच असं बहुतेक मानतात. मांडलिकाची मूर्ती कुणी राजाच्या शेजारी बसवत नाही.

चौथं, 'न्यायी' ओडिन. याला फार शाई खर्चायची गरज नाही, त्याचीच साक्ष पुरे. 'हावामाल' या काव्यात तो स्वतः सांगतो की कवित्वाचं मद्य मिळवण्यासाठी गुन्लोद या दैत्यकन्येचा विश्वास कमावला आणि तिला रडत टाकून आलो. लगेच पुढे ओळ येते: ओडिनने धातूच्या कड्यावर हात ठेवून शपथ घेतली होती ना, मग त्याच्या वचनावर आता कोण विश्वास ठेवणार? कड्याची शपथ म्हणजे त्या समाजातली सगळ्यात गंभीर शपथ. दुसऱ्या एका काव्यात तो वेषांतर करून थोरपुढेच फुशारकी मारतो की मी राजांना एकमेकांवर घातलं आणि समेट कधी होऊ दिला नाही.

तटबंदीची कथाही इथलीच. एक अनोळखी कारागीर येऊन असगार्डला भक्कम तट बांधून देतो म्हणतो. मोबदला सूर्य, चंद्र आणि फ्रेया. देव शपथा घालून करार करतात, पण मुदत मुद्दाम अशक्य ठेवतात, एकच हिवाळा, आणि मदतीला फक्त त्याचा घोडा. लोकीचा सल्ला होता खरा, पण होकार सगळ्यांचा होता. आणि फ्रेयाला विचारल्याचा कुठे उल्लेख नाही. उन्हाळ्याला तीन दिवस उरले असताना काम संपत आलं, तेव्हा मात्र सगळे एका सुरात लोकीवर उलटले आणि त्याला मारायला उठले. लोकीने घोडी होऊन घोडा पळवला, कारागीर दैत्य निघाला, थोरने त्याचं डोकं फोडलं. 'वोलुस्पा'चा शेरा रोखठोक आहे: शपथा मोडल्या, वचनं मोडली. काव्य तो दोष एकट्या लोकीवर टाकत नाही.

आता देव-दानव युद्ध. आपल्या कथांत अमृताला शेवटी एका बाजूचेच मालक राहतात. इथे दोन्ही बाजू देवच, आणि पूजा शेवटी दोघांनाही. महाभारताशी ताडून बघायचं असेल तर वनपर्वातली च्यवनाची कथा घ्या. जॉर्ज ड्युमेझिल या फ्रेंच अभ्यासकाने तीच घेतली होती. अश्विनीकुमार माणसांत वावरणारे, म्हणून त्यांना सोमाचा वाटा नाही. च्यवन तो देऊ लागतो, इंद्र वज्र उचलतो, च्यवन मद नावाचा प्रचंड असुर उभा करतो. इंद्र नमतो, अश्विनांना वाटा मिळतो, आणि मदाचे तुकडे होऊन ते मद्य, स्त्रिया, द्यूत आणि मृगया यांत वाटले जातात. इकडे तहाच्या वेळी दोन्ही कुळं एका भांड्यात थुंकतात, त्या थुंकीतून क्वासिर हा महाशहाणा घडतो, दोघे बुटके त्याला मारून त्याच्या रक्तात मध मिसळतात, आणि त्यातूनच ते कवित्वाचं मद्य तयार होतं. वाट्यावरून भांडण, समेटाच्या वेळी घडवलेला एक अजब प्राणी, नंतर त्याचे तुकडे किंवा त्याचं रक्त, आणि शेवटी नशा. ड्युमेझिलचे सगळे निष्कर्ष आज सर्वांना मान्य आहेत असं नाही, पण ही जोडी बघण्यासारखी आहे.

राहिलं रॅग्नारोक. लोकी साव आहे असं मी म्हणत नाही. ओडिनचा मुलगा बाल्डर याच्या मृत्यूमागे स्नोरीच्या कथेत तोच आहे, आणि शेवटच्या दिवशी शत्रूंच्या जहाजाचं सुकाणूही त्याच्याच हाती. पण साक्सोच्या वृत्तांतात बाल्डर मरतो तो नान्ना या मुलीवरून होथेरुसशी झालेल्या लढाईत, लोकी तिथे नाहीच. शिवाय लोकी देवांविरुद्ध जातो तोवर त्याचा लांडगा मुलगा फेनरीर 'सोडू, घाबरू नकोस' या खोट्या वचनावर बांधला गेलेला असतो. त्याची किंमत त्यूर या देवाने लांडग्याच्या तोंडात गमावलेल्या उजव्या हाताने मोजली. आणि या सगळ्याच्या शेवटीही लोकी गादीवर बसत नाही. देवांचा पहारेकरी हेइमडाल आणि तो एकमेकांना मारून मरतात.

मागे कोण उरतं, तेही काव्यांत आहे. न्योर्द शहाण्या वानीरांकडे आपल्या घरी परत जाईल, असं एक काव्य सांगतं. आणि 'वोलुस्पा'त, नव्याने वर आलेल्या हिरव्या जमिनीवर, शकुनाच्या काड्या निवडायला बसतो तो ह्योनिर. यावेळी सल्ल्याला मीमिर नाही.